अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणींचा डेटा, सातारा-सांगलीत बसून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, वाई, सांगली, मिरज, तासगाव, विटा. इथल्या एमएस्सीच्या मुलांकडून, फिजिक्स शिकवणाऱ्या सर-मॅडमकडून आणि हौशी आकाशनिरीक्षकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. बहुतेक रात्री अकरानंतर, व्हॉट्सॲपवर, अर्धवट कापलेल्या स्क्रीनशॉटसह. मी काही वर्षं एका अवकाश दुर्बिणीच्या मदतकक्षात उत्तरं द्यायचं काम केलं आहे, त्यामुळे पलीकडे बसलेल्या माणसाला काय लागतं तेही इथे आलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा उल्लेख आला तर तिकडे जाऊन वाचा.

१. अवरक्त दुर्बीण अवकाशातच कशाला लागते? आपल्या महाबळेश्वरला लावली तर नाही का चालणार?

थोडीफार चालेल, पुरेशी नाही. अवरक्त किरण म्हणजे तांबड्याच्या पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे. विल्यम हर्शेलने १८०० साली ते थर्मामीटरने ओळखले. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांतले बरेच किरण वाटेतच गिळतात. अडीच मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तरंगलांबी त्यात मोजतात) काही खिडक्या उघड्या असतात, म्हणून जमिनीवरूनही कामं होतात, पण त्यासाठी हवा कोरडी लागते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे खरं, पण पावसाळाभर ते ढगातच असतं.

दुसरी अडचण मोठी आहे. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन, आणि त्या तापमानाची कुठलीही वस्तू दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त चमकते. म्हणजे दुर्बीण, तिचा घुमट, वरची हवा, शेजारी उभे असलेले तुम्ही, सगळेच दिव्यासारखे पेटलेले. चुलीपुढे बसून हात तापलेला असताना त्याच हाताने दुसऱ्याचा ताप जोखायला जावं, तसं ते होतं. म्हणून दुर्बीण हवेबाहेर न्यायची आणि थंड करायची. जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण (पुढे नुसतं ‘वेब’) पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, पाच थरांच्या सौरढालीच्या सावलीत ४० केल्विनच्या आसपास असते. तिचं मिरी हे उपकरण तर शीतकयंत्राने ७ केल्विनच्या खाली ठेवलेलं असतं.

२. अशा दुर्बिणी किती झाल्या? आज कोणती चालू आहे?

संपूर्ण यादी देत नाही, प्रकल्पांसाठी ज्यांची नावं लागतात तेवढ्याच सांगतो. १९८३ मध्ये आयरासने पहिल्यांदा जवळजवळ सगळं आकाश १२ ते १०० मायक्रॉनमध्ये पाहिलं. स्पिट्झर २५ ऑगस्ट २००३ ला गेली, आरसा ८५ सेंटिमीटरचा. तिचं द्रव हेलियम मे २००९ मध्ये संपलं, पण ३.६ आणि ४.५ मायक्रॉनचे दोन पट्टे ३० जानेवारी २०२० पर्यंत चालले. युरोपच्या हर्शेलने २००९ ते २०१३ लांब तरंगलांबी पाहिली. वाइज डिसेंबर २००९ मध्ये गेली. तिने ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉनमध्ये पूर्ण आकाश घेतलं, थंडावा संपल्यावर ती झोपवली आणि २०१३ च्या डिसेंबरात निओवाइज नावाने पुन्हा उठवली. त्या नावाने २०२४ च्या जुलैअखेरपर्यंत तिने काम केलं.

आज चालू असलेल्यांत जेम्स वेब (२५ डिसेंबर २०२१, साडेसहा मीटर आरसा, १८ तुकडे), जवळच्या अवरक्तापुरती युक्लिड आणि मार्च २०२५ मध्ये सोडलेली स्फीरेक्स. स्फीरेक्सकडे आपल्याकडच्या लोकांचं लक्ष कमी आहे, ते असायला हवं. पूर्ण आकाश १०२ रंगांत, ०.७५ ते ५ मायक्रॉन, आणि डेटा दोन महिन्यांच्या आत सर्वांना खुला.

३. भारताची स्वतःची अशी दुर्बीण आहे का?

अवकाशात अवरक्त दुर्बीण नाही. २०१५ चं ॲस्ट्रोसॅट अतिनील आणि क्ष-किरणांसाठी आहे. पण अवरक्ताची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची १०० सेंटिमीटरची दुर्बीण हैदराबादहून फुग्याला बांधून वर जात असे. माउंट अबूजवळ गुरुशिखरावर १.२ मीटरची अवरक्त वेधशाळा आहे. लडाखमधल्या हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे, तिथेही अवरक्त उपकरण लावता येतं.

४. आमचं कॉलेज लहान आहे, संशोधन केंद्रही नाही. डेटा आम्हाला देतील का? फी किती?

फी नाही. नाव, गाव, संस्था काही न विचारता डेटा मिळतो. स्पिट्झर, वाइज, निओवाइज, स्फीरेक्स यांचा डेटा कॅलटेकमधल्या इर्सा आर्काइव्हवर असतो, वेब आणि हबलचा बाल्टिमोरच्या मास्ट आर्काइव्हवर. प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागतं का, असं एका सरांनी विचारलं होतं. नाही लागत. लॉगिन एकाच बाबतीत लागतं, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

५. सुरुवात कुठून करू? प्रोजेक्ट वेबच्या डेटावर हवं, असं गाइड म्हणतात.

गाइडचा मान राखून सांगतो, आधी प्रश्न ठरवा, दुर्बीण मागून येते. “मला वेबवर काम करायचं आहे” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेन, आणि त्यातून प्रोजेक्ट फार क्वचित उभा राहिलेला पाहिला. “धुळीत लपलेले तरुण तारे वर्षानुवर्षं तेजात किती बदलतात?” या वाक्यातून लगेच राहतो.

याच प्रश्नाला निओवाइज चोख आहे. तिने आकाशातली प्रत्येक जागा साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहिली, दर वेळी एक-दोन दिवसांत डझनभर छायाचित्रं. म्हणजे एका ताऱ्यासाठी दहा वर्षांहून जास्त काळाचा तेजोवक्र (काळानुसार तेजाचा आलेख) तयारच पडून आहे, आणि तो तक्ता काही केबींचा असतो. एक्सेलमध्येसुद्धा उघडतो. पहिलं काम म्हणून हेच घ्या, असा माझा आग्रह असतो. फक्त गुणवत्तेचे फ्लॅग पाहून खराब नोंदी गाळायला विसरू नका. ३.४ मायक्रॉनमध्ये सुमारे ८ प्रतीपेक्षा (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) तेजस्वी तारे घेऊ नका, तिथे शोधक (प्रकाश टिपणारी चकती) संपृक्त व्हायला, म्हणजे भरून जायला लागतो.

दुसरं चांगलं पहिलं काम म्हणजे ऑलवाइज सूची. २०१३ ची ही सूची ७४ कोटींहून जास्त स्रोतांची आहे. दोन रंगफरक (दोन पट्ट्यांतल्या प्रतींची वजाबाकी) काढून आलेख मांडला की तारे, दीर्घिका आणि दीर्घिकांची सक्रिय केंद्रकं वेगवेगळ्या भागांत पडतात. वेब त्यानंतर.

६. लॅपटॉप साधा आहे आणि नेट मोबाइलचं. जमेल का?

जमेल, फक्त सगळं उतरवायचा हव्यास सोडा. वेबचं एक मोठं जोडचित्र काही जीबींचं असतं. ते हॉटस्पॉटवर लावून झोपलात तर सकाळी फाइलही नाही आणि दिवसाचा डेटाही नाही. दोन्ही आर्काइव्हवर चित्राचा हवा तेवढाच तुकडा कापून देण्याची सोय आहे. दोन आर्कमिनिटांचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा) तुकडा बहुधा काही एमबींत बसतो. गणित गूगलच्या कोलॅबसारख्या ऑनलाइन ठिकाणी करा, म्हणजे फाइल त्यांच्या यंत्रावर उतरते आणि तुमच्याकडे फक्त आलेख येतो. चित्रं पाहायला डीएस-नाइन, तक्त्यांना टॉपकॅट, पायथनमध्ये ॲस्ट्रोपाय आणि ॲस्ट्रोक्वेरी. चारही फुकट आहेत आणि जुन्या यंत्रावरही चालतात.

७. एकाच निरीक्षणाच्या दहा-दहा फाइली दिसतात. त्यातली कोणती घेऊ?

वेबच्या फाइलीच्या नावाचं शेवटचं टोक पाहा. ‘अनकॅल’ म्हणजे कच्चं. ‘रेट’ म्हणजे उतार काढलेलं, सेकंदाला किती संकेत आला ते. ‘कॅल’ म्हणजे तेजाच्या एककात आणलेलं एकेक छायाचित्र. ‘आयटूडी’ म्हणजे अनेक छायाचित्रं जोडून सरळ केलेलं. ‘एक्सवनडी’ म्हणजे काढून ठेवलेला वर्णपट. पहिल्या नजरेला ‘आयटूडी’ पुरतं. तेजमापन गंभीरपणे करायचं असेल तर ‘कॅल’कडे यावंच लागतं, कारण जोडताना शेजारच्या पिक्सेलांची सरमिसळ होते आणि त्रुटीचा अंदाज बिघडतो.

स्पिट्झरमध्ये हेच ‘बीसीडी’ आणि ‘पोस्ट-बीसीडी’ या नावांनी आहे. आधीचं एकेकटं, नंतरचं जोडलेलं.

८. चित्रातले रंग खरे असतात का?

डोळ्याला हे किरण दिसतच नाहीत, त्यामुळे ‘खरा रंग’ असं काही नसतं. सर्वांत लांब तरंगलांबीला तांबडा, सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा, हा क्रम मात्र बहुधा पाळलेला असतो. मोजमाप रंगीत चित्रावर कधीही करू नका, मूळ आकडे असलेल्या फिट्स फाइलवरच करा.

९. ताऱ्याच्या मधोमध काळं भोक दिसतंय. कृष्णविवर आहे का? आणि ते गोल पांढरे ठिपके?

नाही. हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे आणि दर वेळी तितक्याच उत्साहाने येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मधलं भोक संपृक्ततेचं आहे. तारा इतका तेजस्वी होता की पिक्सेल पहिल्याच मोजणीत भरून गेला, म्हणून डेटा तयार करणाऱ्या संगणकीय प्रक्रियेने ‘इथे आकडा नाही’ अशी खूण ठेवली. डीएस-नाइनमध्ये तिथे कर्सर नेलात तर ‘नॅन’ दिसेल.

ताऱ्याभोवतीचे सहा मोठे आणि दोन बारीक आडवे काटे हे आरशाच्या षटकोनी तुकड्यांचे आणि पुढचा आरसा धरणाऱ्या दांड्यांचे. दीर्घिकेला सहसा काटे येत नाहीत, तिचं केंद्र फार तेजस्वी असेल तरच येतात.

मोठ्या गोल डागांना तिथले लोक ‘स्नोबॉल’ म्हणतात. शक्तिमान वैश्विक कण शोधकावर आदळला की ते उठतात. एकाच छायाचित्रात दिसतात, पुढच्यात नसतात, ही त्यांची ओळख. वेबच्या निरकॅम या कॅमेऱ्याच्या काही शोधकांवर धुरासारखे पट्टे येतात, त्यांना ‘विस्प’. दुर्बिणीत आडवाटेने घुसलेल्या प्रकाशाचे ते असतात आणि शोधकाच्या ठरावीक जागीच दिसतात. तेजोमेघ समजून यांच्यावर सेमिनार दिलेला मी पाहिला आहे. मिरीत ५.६ आणि ७.७ मायक्रॉनला तेजस्वी ताऱ्यातून अधिकचं चिन्ह निघतं, तेही शोधकाच्या आतल्या प्रकाशाचं.

एक कसोटी बहुतेक वेळा कामी येते. दुर्बिणीचा कोन बदलून तीच जागा पुन्हा पाहिलेली असेल, तर दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. आकाशातली गोष्ट आकाशाबरोबर राहते, उपकरणाची उपकरणाबरोबर फिरते.

१०. एकाच ताऱ्याचं तेज स्पिट्झरमध्ये वेगळं आणि वाइजमध्ये वेगळं. कोणाचं खरं?

बहुधा दोघांचंही. चूक शोधायची ती या क्रमाने.

आधी एकक. वाइजच्या प्रती व्हेगा पद्धतीच्या आहेत, म्हणजे व्हेगा (अभिजित) ताऱ्याच्या तेजाशी तुलना करून काढलेल्या. ३.४ मायक्रॉनमध्ये शून्य प्रत म्हणजे ३०९.५ जान्स्की (पोचणाऱ्या तेजाचं एकक), त्यामुळे १० प्रतीचा तारा सुमारे ३१ मिलिजान्स्कीचा. कुणी सवयीने एबी या दुसऱ्या पद्धतीचा ३६३१ हा आकडा लावला तर उत्तर जवळजवळ बारापट वाढतं. इतका फरक दिसला की पहिला संशय इथेच घ्या. स्पिट्झर आणि वेबची चित्रं मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियनमध्ये (आकाशाच्या ठरावीक तुकड्यामागे किती तेज, यात) असतात. म्हणजे पिक्सेलमधला आकडा हे तेज नव्हे, त्याला पिक्सेलच्या कोनीय क्षेत्रफळाने गुणावं लागतं. ते क्षेत्रफळ वेबच्या फाइलीच्या हेडरमध्येच (सुरुवातीच्या माहितीच्या भागात) दिलेलं असतं.

मग गाळणी (फिल्टर). स्पिट्झरचं ३.६ आणि वाइजचं ३.४ शेजारी आहेत, एक नाहीत. साध्या ताऱ्याला फरक थोडा पडतो, धुळीने झाकलेल्या किंवा फार थंड वस्तूला बराच.

मग शेजारी. वाइजचा ठिपका सहा आर्कसेकंदांचा, स्पिट्झरचा दोनच्या आत, वेबचा त्याहून कितीतरी बारीक. वाइजला एक दिसलेला तारा स्पिट्झरमध्ये दोन आणि वेबमध्ये तीन निघणं यात नवल नाही. आकाशगंगेच्या पट्ट्यात तर हे नेहमीचंच.

एवढं तपासून फरक उरला तर मग तारखा पाहा. तारा खरोखरच बदलला असेल, आणि तसं असेल तर तोच तुमचा प्रोजेक्ट.

११. मागच्या वर्षी उतरवलेली फाइल आणि आज उतरवलेली तीच फाइल, आकडे वेगळे! असं कसं?

निरीक्षण तेच, मोजपट्टी सुधारलेली. उपकरण जसजसं समजत जातं तसे संदर्भाचे आकडे बदलतात आणि आर्काइव्ह जुनी निरीक्षणंही पुन्हा प्रक्रियेतून काढतं. मिरीच्या वर्णपटमापीची लांब तरंगलांबीकडची संवेदनशीलता काळाबरोबर घटते आहे, हे दुर्बीण चालू झाल्यावर लक्षात आलं आणि त्याची दुरुस्ती प्रक्रियेत घातली गेली. हेडरमध्ये प्रक्रियेची आवृत्ती आणि संदर्भसंचाचा क्रमांक लिहिलेला असतो. प्रबंधात दोन्ही नोंदवा. एकाच अभ्यासात दोन आवृत्त्यांच्या फाइली मिसळू नका. परीक्षकाने नाही विचारलं तरी पुढच्या वर्षी तुमच्या जागी बसणारी ज्युनिअर विचारेल.

१२. नवं निरीक्षण हवं असेल तर आपण प्रस्ताव पाठवू शकतो का? भारतीय चालतात?

चालतात. वेबसाठी कोणत्याही देशातला, कोणत्याही संस्थेतला माणूस प्रस्ताव देऊ शकतो, पीएचडीचा विद्यार्थीही मुख्य संशोधक होऊ शकतो. स्पर्धा मात्र दांडगी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालेल्या चौथ्या फेरीत २,३०० हून जास्त प्रस्ताव आले आणि मागितलेले तास ७८ हजारांच्या घरात होते. वर्षात तास असतात ८,७६०.

आपल्या बाजूची एक गोष्ट आहे. छाननी दुहेरी अनामिक असते. परीक्षकाला तुमचं नाव, कॉलेज, गाव काही कळत नाही. त्यामुळे मजकुरात “आम्ही आमच्या आधीच्या कामात दाखवल्याप्रमाणे” असं लिहायचं नाही, स्वतःच्या कामाचा उल्लेखही तिऱ्हाइताच्या कामासारखा करायचा. हा नियम मोडला तर प्रस्ताव बाद होऊ शकतो.

तेच लक्ष्य तसंच आधी कुणी पाहिलं आहे का, हे आर्काइव्हमध्ये शोधा. असेल तर पुन्हा का पाहायचं याचं कारण द्यावं लागतं. आणि घड्याळ सांभाळा. आतापर्यंतच्या ऑक्टोबरातल्या मुदती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री आठच्या होत्या, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. जाहीर झालेली तारीख आपली समजून लोक आदल्या संध्याकाळीच हातपाय गाळतात, आणि पहाटेपर्यंतचा सबंध वेळ वाया जातो.

१३. किती वेळ मागायचा? आणि मंजूर झालं तर पैसे मिळतात का?

आधी पैशांचं. दुर्बिणीच्या वेळेला भाडं नाही. नासाचा संशोधन निधी मात्र अमेरिकेतल्या संस्थांनाच जातो, आपल्याला प्रवास, संगणक, शिष्यवृत्ती इकडून उभी करावी लागते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या सहयोगी योजना विद्यापीठ आणि कॉलेजच्या शिक्षकांसाठी आहेत. सातारहून पुणे काही लांब नाही, जाऊन बोला.

वेळ ठरवायला दोन साधनं आहेत. एक्स्पोजर कॅल्क्युलेटर सांगतो की अमुक तेजाची वस्तू अमुक गाळणीतून किती सेकंदांत पुरेशी स्पष्ट येईल. एपीटी या प्रस्तावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते निरीक्षण मांडलं की वरखर्च जोडला जातो: दुर्बीण वळवणं, मार्गदर्शक तारा पकडणं, गाळणी फिरवणं. दहा मिनिटांच्या निरीक्षणाला तासभर लागलेला पाहून मुलं दचकतात. म्हणून लहान लहान दहा लक्ष्यांपेक्षा एका ठिकाणी थांबून काम होत असेल तर ते स्वस्त पडतं. मार्जिन म्हणून वेळ दुप्पट मागू नका, परीक्षकांना ते लगेच कळतं.

१४. माझं लक्ष्य डिसेंबरमध्ये हवंय, पण सॉफ्टवेअर नाही म्हणतंय. का?

वेबला ढाल सूर्याकडेच ठेवावी लागते. त्यामुळे सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातलंच आकाश तिला दिसतं. क्रांतिवृत्ताजवळचं (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाजवळचं) लक्ष्य वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण ५० दिवस मिळतं. क्रांतिवृत्ताच्या ध्रुवांजवळचा छोटा भाग वर्षभर दिसतो. बुध, शुक्र, पृथ्वी आणि चंद्र कधीच नाहीत.

याच्या पोटात आणखी एक गुंता आहे. एका तारखेला दुर्बीण आपल्या अक्षाभोवती फार फिरू शकत नाही, त्यामुळे ‘वर्णपटमापीची चीर अमुक दिशेलाच हवी’ असा हट्ट धरलात की ५० दिवसांचे पाच उरतात. हट्ट विज्ञानासाठी गरजेचा असेल तरच धरा.

१५. अक्षांश-रेखांश सूचीतून जसेच्या तसे घेतले, तरी लक्ष्य चुकेल असं मदतकक्ष म्हणतो. का?

आकाशातल्या अक्षांश-रेखांशांना विषुवांश आणि क्रांती म्हणतात, पण प्रश्न योग्य आहे. तारा हलतो. बार्नार्डचा तारा वर्षाला दहा आर्कसेकंदांहून जास्त सरकतो. २००० सालची जागा देऊन २०२५ मध्ये पाहिलंत तर तो चार आर्कमिनिटांहून पुढे गेलेला असतो, आणि वेबच्या निरस्पेक या वर्णपटमापीची क्षेत्रवर्णपटाची (खिडकीतल्या प्रत्येक ठिकाणचा वर्णपट देणारी) खिडकी आहे तीन आर्कसेकंदांची. जवळच्या ताऱ्यांना आणि तपकिरी बटूंना (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेल्या वस्तूंना) स्वगती (वर्षाला किती सरकतात ते) आणि ती जागा कोणत्या सालची आहे हे दोन्ही भरा. वाइजने सापडवलेला, सुमारे सात प्रकाशवर्षांवरचा डब्ल्यू ०८५५ हा थंड बटू तर वर्षाला आठ आर्कसेकंद धावतो. दूरच्या दीर्घिकांना यातलं काही लागत नाही.

१६. आर्काइव्हमध्ये निरीक्षण दिसतं, पण उतरत नाही. माझं काही चुकलं का?

नाही. तो डेटा राखीव मुदतीत आहे. वेबवर निरीक्षण मागणाऱ्या गटाला सर्वसाधारणपणे १२ महिने एकट्याने वापरायला मिळतात. मोठ्या कार्यक्रमांना सहसा ही मुदत नसते, काही गट आपण होऊन ती सोडतात. खुलं होण्याची तारीख आर्काइव्हमध्ये लिहिलेली असते. तुम्हीच त्या गटात असाल तर मुख्य संशोधकाकडून आपल्या खात्याला परवानगी घ्या, मग लॉगिन करून उतरवा.

१७. मदतकक्षाला लिहायचंय, पण इंग्रजी कच्चं आहे. हसतील का?

कोणी हसत नाही. तिथे येणाऱ्या निम्म्याहून अधिक पत्रांची मायबोली इंग्रजी नसते, असा माझा तरी अनुभव. अडचण भाषेची नसते, माहितीच्या तुटवड्याची असते. “रिस्पेक्टेड सर, डेटा चालत नाही, कृपया लवकर कळवावे” या पत्राला उत्तर म्हणून पाच प्रश्न येतात. तुम्ही झोपलेले असता तेव्हा ते उठलेले असतात, त्यामुळे त्यात चार दिवस जातात.

पहिल्याच पत्रात हे असू द्या: कार्यक्रमाचा क्रमांक, फाइलीचं पूर्ण नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती, तुम्ही दिलेली आज्ञा जशीच्या तशी, आलेला संदेश जसाच्या तसा (मजकूर म्हणून, फोटो काढून नव्हे), काय अपेक्षित होतं आणि काय झालं. शेवटच्या दोन गोष्टी लोक गाळतात आणि त्याच सर्वांत महत्त्वाच्या. “निरकॅमच्या जोडचित्रात डाव्या कोपऱ्यात आडवे पट्टे आहेत, एकेकट्या छायाचित्रांत नाहीत, जोडण्याच्या पायरीत काही चुकतंय का?” असं विचारलंत की पलीकडच्याला अर्धं उत्तर वाचतानाच सुचतं.

एका पत्रात एकच प्रश्न. ‘सर’ गाळा, उत्तर देणारी बाईही असू शकते. साधा नमस्कार पुरतो. मंजूर झालेल्या कार्यक्रमाला वेळापत्रक पाहणारा एक समन्वयक आणि उपकरण जाणणारा एक शास्त्रज्ञ नेमून दिलेला असतो. तुमचा प्रस्ताव मंजूर असेल तर मदतकक्षाआधी त्यांना विचारा. त्यांना त्रास देतोय असं वाटून घेऊ नका, त्यांचं कामच ते आहे.

१८. अचानक सुपरनोव्हा फुटला किंवा धूमकेतू आला, तर पुढच्या फेरीची वाट पाहायची?

नाही. दोन वाटा आहेत. असं काही घडेल असा अंदाज असेल तर आधीच ‘घडलं तर पाहू’ असा प्रस्ताव मंजूर करून ठेवतात. १४ दिवसांच्या आत निरीक्षण हवं असेल तर वेळापत्रक मोडावं लागतं, अशा संधी मोजक्याच देतात. दुसरी वाट संचालकांच्या राखीव वेळेची, तिथे अर्ज वर्षभर करता येतो. दोन्हीकडे प्रश्न १४ चा नियम लागू आहे. सूर्याच्या दिशेने येणारा धूमकेतू ऐन भरात असताना वेबला दिसत नाही, अर्जापूर्वी ते पाहा.

१९. स्पिट्झर बंद पडून वर्षं झाली. आता तिच्या डेटाबद्दल विचारायचं कुणाला?

इर्साच्या मदतकक्षाला. दुर्बीण बंद झाली तरी आर्काइव्ह सांभाळणारी माणसं आहेत. पण आधी उपकरणाची हस्तपुस्तिका वाचा. उपकरण चालवणाऱ्यांनीच ती लिहिलेली असल्यामुळे तेजस्वी ताऱ्यामुळे खाली ओढले जाणारे स्तंभ, पट्टे, दुरुस्तीचे गुणक हे सगळं तिथे आहे. गूगलवर सापडणारे जुने कोड आजच्या पायथनवर बहुधा चालत नाहीत, त्यांच्यात रात्र घालवू नका.

२०. आमची पोरगी दिवसभर लॅपटॉपवर तारे बघते. यात नोकरी आहे का, दादा?

आहे, पण सरळ रस्ता नाही. दुर्बिणीभोवती फक्त शोध लावणारे शास्त्रज्ञ नसतात. उपकरण जोखणारे, आर्काइव्ह चालवणारे, प्रक्रियेचे प्रोग्रॅम लिहिणारे, वेळापत्रक बसवणारे, मदतकक्षावर बसणारे, अशी बरीच माणसं लागतात, आणि संगणक व भौतिकशास्त्र दोन्ही येणाऱ्यांची तिथे कायम ओढ असते. बीएस्सी-एमएस्सी भौतिकशास्त्र, मग पीएचडीसाठी नेट, जेस्ट किंवा आयुका-एनसीआरएची प्रवेश परीक्षा, हा नेहमीचा मार्ग. अर्ध्यावर दिशा बदलली तरी डेटा हाताळायची सवय बाहेरच्या बाजारातही विकली जाते. तिला बघू द्या.

२१. सूचीत नसलेला एक ठिपका सापडलाय. नवा शोध आहे का? कुठे कळवू?

कळवायच्या आधी एवढं करा. प्रश्न ९ मधली कसोटी लावा. एकाच छायाचित्रात असेल तर तो बहुधा वैश्विक कणाचा ओरखडा. काही छायाचित्रांत जागा बदलत असेल तर लघुग्रह. त्या तारखेला त्या जागी कोणता ज्ञात लघुग्रह होता, हे मायनर प्लॅनेट सेंटरच्या साधनात तपासता येतं, आणि दहातले नऊ तिथेच संपतात. जागेवर स्थिर असेल तर सिंबाड आणि नेड या ऑनलाइन सूचींमध्ये शोधा, शोधाची त्रिज्या दुर्बिणीच्या ठिपक्यापेक्षा थोडी मोठी ठेवा. मग जुन्या दुर्बिणींच्या चित्रांत तीच जागा पाहा. तिथे अंधुक दिसत असेल तर वस्तू जुनीच, फक्त तुमच्या सूचीच्या मर्यादेखालची. शेवटी एडीएस या शोधनिबंधांच्या सूचीवर त्या भागावरचे शोधनिबंध चाळा.

एवढ्यातूनही ठिपका उरला तर चार-पाच दुर्बिणींतली त्याची तेजं एका तक्त्यात मांडा, जिथे दिसला नाही तिथली मर्यादाही लिहा, आणि प्रश्न १७ मध्ये सांगितल्याप्रमाणे मदतकक्षाला विचारा की हा उपकरणाचा दोष असू शकतो का. ‘शोध’ हा शब्द त्या पत्रात घालू नका. लेख लिहायची वेळ आली तर आर्काइव्हने सांगितलेली आभाराची ओळ आणि डेटासंचाचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) द्या.